तळमजला, ब

लिफ्ट बसवायची की नाही, प्रश्न एवढाच.
जिन्याखाली नऊ खुर्च्या, एक स्टूल
आणि कासिल्दाबाईंची निळी वही.

माझं नाव झ्द्राव्का. थामोरात ते कुणाच्या तोंडात बसत नाही,
म्हणून मी 'तळमजला, ब'.
पहाटे तीनला बेकरीत कणीक मळते.
गेल्या सभेत मी दोनच शब्द बोलले:
"लिफ्ट नको."
तेव्हापासून चौथ्या मजल्यावरची सून
माझ्याकडून पाव घेत नाही.

खरं तर नको नव्हती.
म्हणजे हवीच होती, पण…
आणि या 'पण'च्या पुढे माझी स्पॅनिश संपायची,
ऐन गर्दीत पीठ संपावं तशी.

मंगळवारी शिकवणीत ओबदुलिया मास्तरीण म्हणाल्या,
"'पण'ने वाद तुटतो गं. 'आउन्के'ने वाकतो.
'आउन्के एस' म्हणालीस, तर: महाग आहे तरी.
म्हणजे किंमत तू स्वतः मोजून दिलीस.
'आउन्के सेआ' म्हणालीस, तर: असेना का महाग.
किंमत समोरच्याच्या पदरात टाकलीस
आणि तू पुढे निघालीस."

असेना का.
रात्रभर मी कणकेला हेच ऐकवलं.
असेना का, आणि एक ठोसा.
असेना का, आणि घडी.
कणीक फुगली. वाक्य काही फुगेना.

माझ्या भाषेत, जे पाहिलं नाही, नुसतं कानावर आलं,
त्याचं क्रियापदच वेगळं होतं.
इथे तसं नाही.
इथे 'म्हणे' बाहेरून चिकटवावं लागतं, पत्रावरच्या तिकिटासारखं.
चौथ्या मजल्यावरचे एउतिमिओ
फेब्रुवारीपासून खाली उतरलेले नाहीत, म्हणे.
पण टोपलीला म्हणे लागत नाही. टोपली मी पाहते.
सून कामाला गेली की
उजेडाच्या चौकातून दोरीवर उतरते ती,
माझ्या खिडकीशी थांबते,
आत नाणी, आणि कधी एक अक्रोड.
मी पाव ठेवते. ती वर जाते.

याच चौकात लिफ्ट येणार आहे.

सभेत उभी राहिले. कागद घडी करून मुठीत.
"लिफ्ट नको असं नाही.
एउतिमिओंनी उतरू नये असं तर नाहीच नाही.
महाग असेना का, माझा वाटा मी भरीन,
एकही पायरी मला चढायची नसली तरी.
मात्र ती चौकातच उभी राहिली, तर
माझ्या ओट्यावर दिवसातून जे चाळीस मिनिटं ऊन येतं, ते…"

इथे क्रियापद हातातून सुटलं.
जाईल? जावं? गेलं असतं?
तेलेस्फोरोंनी घड्याळ पाहिलं.
कुणाचं तरी कुत्रं स्टुलाखालून वर बघत राहिलं.
"जातं," मी म्हटलं.
साधा वर्तमानकाळ. चूक.
कुणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं.
मग सून म्हणाली, माझ्याकडे न बघता,
"चाळीस? आमच्याकडे तर पाच तास असतं."

कासिल्दाबाईंनी पेन उचललं.
"हे सगळं ठीक. पण सी की नो?"
वहीत दोनच रकाने आखलेले.

एवढं लांब वाक्य
आणि एवढंसं दार.
"सी," मी म्हटलं. आणि खाली बसता बसता,
"आउन्के."

जिन्यात चिकटवलेलं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी वाचलं.
तळमजला अ: नकार.
तळमजला, ब: होकार. तरी.
पुढे पूर्णविराम. बाईंनी तो दोनदा गिरवला होता.

मागच्या भिंतीला लागून लिफ्ट बसेल का,
ते मोजायला गुरुवारी माणूस येणार आहे,
म्हणे.