पट्टा पुरा ओढून

वहीच्या मधल्या पानावर, जिथे पिना असतात
आणि पान सहजी फाटत नाही,
मी गाडीचं खातं उघडलं.
पगार तीनशे वीस रियाल.
भाडं, जेवण, आईला नव्वद,
आणि 'इतर' : या एका शब्दात
शुक्रवारचा शवर्मा, पॅड, वाढदिवसांच्या वर्गण्या
दाटीवाटीने बसलेल्या.
उरेल ते चारचाकी.

सोहारमध्ये चालत कुठे जाता येत नाही.
हॉस्पिटल एका टोकाला, खोली दुसऱ्या,
मधे सरळ रस्ता, ऊन,
आणि हॉर्न मारत हळू होणाऱ्या टॅक्स्या.
रात्रपाळीनंतर मी कडेला उभी असते,
कानात अजून परक्या छात्यांचे ठोके घेऊन.

ड्रमची परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली.
उताराची पहिल्याच.
इन्स्पेक्टर म्हणाला, घाबरतेस कशाला?
काय सांगू त्याला,
लायसन्सपायीच चार महिन्यांची शिल्लक गेली ते.

बँकेतली मुलगी गोड होती.
नवीच घ्या, पाच वर्षांत फिटेल, कळणारसुद्धा नाही.
मी पाच वर्षं माझ्या वयात मिळवून पाहिली.
कळलं.

खोलीतली लिजी म्हणाली,
आधी सहा महिने हप्ता स्वतःलाच भर.
जमला, तर परवडतो.
भरला.
एक चुकला, अक्कलदाढेपायी.
तोही लिहून ठेवला, लाल शाईत.

मग सालिमची गाडी.
पांढरी, एक लाखाच्या आत पळालेली,
मुल्किया चोख, विमा मार्चपर्यंत,
चौदाशे पन्नास.
आरशाला लटकवलेली अत्तराची कुपी.
मी मनातल्या मनात मागच्या सीटवर
आईला बसवूनही पाहिलं.

विश्राम तांडेल बावीस वर्षं इथल्या गॅरेजात.
फी म्हणून फक्त कुळथाची पिठी मागतो,
तीही घरची असेल तर.
त्याने बॉनेट उघडलंच नाही.
आत बसला, काचा चढवल्या, नाकाने लांब श्वास घेतला,
आणि म्हणाला,
"पट्टो ओढ गो बाय. पुरो. शेवटाक जाय सर."

मी ओढला.
काळा, काळा, काळा,
रोज कोणी ओढत नाही तिथपर्यंत काळा,
आणि मग आडवी एक रेघ,
कपात चहा वाळून राहतो तशी, मातकट.

इथे ओढ्याला वादी म्हणतात.
अकरा महिने ती असते नुसती एक पाटी
आणि रस्त्यातला खोलगट भाग.
बाराव्यात कधीतरी डोंगरावरून उतरते
आणि गाड्यांच्या गळ्यापर्यंत येते.
नंतर गालिचे धुतात, सीटा वाळवतात, अत्तर लावतात.
पट्टा कोणी मुळापर्यंत धूत नाही.

सालिम वाकून बघत होता.
माझ्याच वयाचा. मिशी नुकती धरलेली.
ज्याच्याकडून घेतली, तो मामाचा दोस्त होता म्हणे.
मोडक्या हिंदीत म्हणाला,
मेरा भी पहला गाडी, सिस्टर.
आणि रेघेवर अंगठा घासून पाहिला,
जाईल कदाचित म्हणून.

त्याने सहाशे कमी केले.
विश्राम माझ्याकडे बघेना.
सहाशे! म्हणजे आईची जवळजवळ सात महिन्यांची रक्कम.
मी तिथे, त्या धुळीत, उभ्या उभ्या भागाकार केला,
दोनदा, कारण उत्तर आवडत नव्हतं.

नाही म्हणायला फार वेळ लागला.
त्याने तरीही कहवा पाजला, खजूर पुढे केले.
बी कुठे टाकावी कळेना,
म्हणून मुठीत धरून निघाले.

परत येताना तीच शेअर टॅक्सी, तेच दोनशे बैसे.
पुढच्या सीटवर बसले, पट्टा घेतला
आणि हात थांबेचना;
ओढत गेले, ओढत गेले, खट् होईपर्यंत.
ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं.
"साफ है," मी म्हटलं.
त्याला काय कळलं कोण जाणे,
पण तो खूश झाला.

वहीत आज एवढंच :
गाडी नाही. टॅक्सी दोनशे. पिठी, विश्रामला, अर्धा किलो.