तिसरी शिट्टी

टेम्पोतून उतरली तेव्हा तिच्या पाठीचे मणके मोजता येत होते.
मी मोजले नाहीत. मोजदाद तिची पुष्कळ झाली होती:
किती सेकंद, किती ढाली, किती हजारांची पैज,
आणि शेवटी मोडलेलं एक बोट, पुढच्या उजव्या पायाचं.
"ग्रेहाउंडच हाय, अस्सल," पोपट मोहिते म्हणाले,
"पर आता कामाची न्हाई."
आटपाडीहून स्वतः आले होते. दोरी माझ्या हातात देताना
गाठ दोनदा ओढून पाहिली.

नाव विमान.
बिबवेवाडीत, लिफ्ट नसलेल्या आमच्या इमारतीत
विमान जिन्याशीच अडलं.
जिना तिनं जन्मात पाहिला नव्हता.
सपाट रान, चुन्याची रेघ, पुढे मोटरसायकल
आणि तिच्यामागे फरफटणारं कातडं,
एवढीच दुनिया.
छप्पन्न पायऱ्या.
सत्तावीस किलो उचलून मी वर चढले.
कमरेनं वयाचा दाखला काढून हातात दिला.
ती माझ्या खांद्यावर मान टाकून गप्प,
घडी घातलेल्या खुर्चीसारखी.

पहिले चार दिवस बसलीच नाही.
बसणं तिला जमतच नाही, हे नंतर कळलं.
मांड्याच तशा. उभी, नाहीतर आडवी, मधलं काही नाही.
झोपायची उघड्या डोळ्यांनी,
आणि मी रात्री दोनला टॉर्च घेऊन
पोट हलतंय का बघायचे.
बाल्कनीच्या काचेवर दोनदा आपटली.
कपाटाच्या आरशातली कुत्री तिला आवडली नाही,
म्हणून आरशावर जुनी साडी टाकली.
तसंही त्या आरशाचं नि माझं फारसं जमत नव्हतं.

कुकरचं काय करायचं, ते मात्र सुचेना.
पहिल्या शिट्टीला ती उठायची,
कान मागे, पाठीची कमान.
दुसरीला नुसती थरथर.
तिसरीला सुटायची,
हॉलमधून पॅसेज, पॅसेजमधून थेट दारावर.
तिकडे तिसऱ्या शिट्टीला सोडत असणार.
मग तीन आठवडे मी वरण पातेल्यात शिजवलं,
गॅस किती गेला विचारू नका.
दिलीप म्हणाला, "माझ्यासाठी असं कधी केलं नाहीस."
म्हटलं, "तू कधी पळालास?"

जिन्यात अंडं ठेवलं तर गुंदेशा बोलतील,
म्हणून पायरीपायरीवर पनीर.
त्यांचीच रिद्धी, सात वर्षांची,
बुडावर सरकत एकेक पायरी उतरून दाखवायची:
"असं. बघ ना. असं."
एका दिवशी चार पायऱ्या. दुसऱ्या दिवशी एकही नाही.
दिवाळीत फटाके, सगळं पुन्हा पहिल्यापासून.
थंडी पडली तेव्हा दिलीपचा बिनबाह्यांचा स्वेटर
तिला घातला. त्याच्यापेक्षा तिला बरा बसला.
आणि मार्गशीर्षातल्या कुठल्याशा गुरुवारी,
मी हातात दुधाची पिशवी घेऊन चावी शोधत होते,
तर ही माझ्याआधी वर, दाराशी उभी,
जणू इथेच जन्मली.
तीन पनीरचे तुकडे मागे तसेच.

माघात मोहित्यांचा फोन आला.
मागे लाउडस्पीकर, माणसांचा गलका.
"विमान पळतंय का?"
"नाही," मी म्हटलं. "पट्ट्याशिवाय सोडत नाही मी.
तळजाईवर मोर दिसला की झाडासारखी उभी राहते,
मग मलाही उभं राहावं लागतं."
थोडा वेळ नुसता गलकाच.
मग म्हणाले, "उजवीकडं, मानंखाली खाजवा.
तिथं ग्वाड वाटतं तिला."
मला माहीत होतं.
तरी जाऊन खाजवलं.

आज पुन्हा कुकर लावलाय.
ती सोफ्यावर उताणी, चारी पाय छताकडे,
दिलीपला बसायला कोपरा उरलाय.
पहिली शिट्टी. एक कान हलला.
दुसरी. काही नाही.
तिसरीला डोळे उघडे, पण ती जागी नाही.
पाय मात्र हवेत पळू लागले,
मोडलेलं बोटसुद्धा.
मी गॅस बंद केला
आणि ती थांबेपर्यंत
तिथेच, हातात पक्कड धरून, उभी राहिले.