दीड गुंज

इतवारीत, सराफा ओळीत, जिना पाडायला काढला
तेव्हा जिन्याखाली हे सापडलं.
शेठच्या नातवानं फोन केला,
"ताई, तुम्ही जुनी मशिनं घेता म्हणे.
लोखंडाच्या भावानं घेऊन जा,
नाहीतर भंगारवाला येऊनच राहिला."
बेचाळीस किलो भरलं.
मी घासाघीस केली नाही.

पत्रा ओढायचं मशीन. दोन रूळ,
वर दोन स्क्रू, बाजूला दातेरी चाकं,
मुठीचं लाकूड घामानं काळं पडलेलं.
कोणाच्या, ते मला माहीत होतं.

आयटीआयत तेवीस वर्षं
मी पोरांना कानस धरायला शिकवते.
याला मात्र एकाचाही हात लागू दिला नाही.
मे महिना, नंदनवनातलं मागचं अंगण,
नऊ वाजले की लोखंड हातात धरवेना,
म्हणून काम पहाटेचं.
रॉकेल आता मिळत नाही, डिझेल घेतलं.
रोज स्क्रूवर चार थेंब, रोज लाकडी हातोडीचे दोन टोले.
नवव्या दिवशी कुरकुरत पाव आटा फिरला
आणि रिकाम्या अंगणात मी मोठ्यानं म्हणाले, "आला!"

रूळांवर गंजाचे देवीसारखे वण.
हिंगण्याला ग्राइंडिंगला दिले.
आले तेव्हा त्यांच्यात माझी हनुवटी दिसली,
लांबट, बाबांसारखी.

पितळी बुश काढले तेव्हा
आतलं ग्रीस नव्हतं, डांबरच होतं.
सुईनं टोकरत बसले.
खाचेत, नखाच्या चंद्राएवढं,
काहीतरी अडकलेलं.
चमकलं वगैरे नाही. चपटं, मळकं.
फक्त गंजलेलं नव्हतं.

एकाहत्तर साली, धनतेरसेच्या आदल्या रात्री
ताजव्यात दोन गुंजा कमी भरल्या.
गादी झटकली. केर झारेकऱ्याकडून धुऊन घेतला.
बाबांना धोतर झटकायला लावलं,
केसांतून फणी फिरवायला लावली,
सगळ्यांदेखत.
शेठ ओरडले नाहीत. म्हणाले,
"देवमन, उद्यापासून येऊ नको."

मग गोळीबार चौकात स्टोव्हच्या पिना,
कुकरच्या शिट्ट्या, छत्रीच्या काड्या.
आई भांडायची तेव्हा एवढंच म्हणायचे,
"मशीनमधी पाह्यलं नाही कोणी."
जेवताना म्हणायचे. तापात म्हणायचे.
मेडिकलच्या खाटेवर, नळ्या लावलेल्या, तरी म्हणाले.
आईला वाटायचं, सारवासारव आहे.
मलाही वाटायचं.

दुकानात आता एसी, माल राजकोटहून तयार येतो.
नातवानं काट्यावर ठेवलं.
शून्य पॉइंट एकशे ब्याऐंशी.
"विकायचं आहे का, ताई?"
मी मनात भागाकार केला.
दीड गुंज.
म्हटलं, "विकायचं नाही. जमा करा.
देवमन सोनकुसरे, या नावानं."
"मोबाइल नंबर? बिलाला लागते."
मी माझा दिला.

अर्धी गुंज कुठं गेली?
तेलात वाहून गेली असेल, झारेकऱ्याच्या परातीत राहिली असेल,
की...
हा 'की' मी दुकानाच्या पायरीवर सोडला.
तो ऑटोत माझ्या शेजारी बसून घरी आला.

मशीन जोडून झालं.
मोठ्या चाकाचा एक दाता अर्धा तुटका आहे,
दर फेऱ्याला खट् करतो.
वेल्डिंग करता येईल. केलेलं नाही.
आज तांब्याची पट्टी तापवून, विझवून
पहिल्यांदा घातली.
डावीकडं वळतेय.
उजवा स्क्रू केसभर सैल करते,
पुन्हा घालते.