ब्याण्णव सेकंद

हिडकलच्या पाण्यावर आज वारा असून नसल्यासारखा.
संकेश्वरच्या कारखान्याचा धूर
ओळंबा लावल्यागत सरळ उभा.
मी बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत,
मांडीवर रजिस्टर, गळ्यात स्टॉपवॉच,
उजव्या गुडघ्यात दोन स्क्रू.

जुळ्या पेट्यांची आमची कॅटमरान.
डोलकाठी उद्यमबागेत, माझ्याच ड्रॉइंगवर.
शीड शहापूरच्या शिंप्याकडून;
त्याला वाटलं मांडवाचं कापड,
"खाली झालर सोडू काय?" म्हणाला.
नऊ वर्षं सुकाणू परशरामकडे
आणि मी तारेला लटकून पाण्यावर आडवी,
छप्पन्न किलोंचं जिवंत माप.

यंदा तो एकटा उतरतोय.
आणि एकट्याचा हँडिकॅप ठरवायचं काम
कमिटीनं माझ्याकडेच दिलं.

दोघं असताना शंभर.
तिथून सुरुवात केली.
पुढचं लहान शीड उतरवलं, तेवढी होडी मंदावली.
माझं वजन काढलं, तेवढी हलकी झाली.
वारा चढला तर दाबून धरायला कुणी नाही,
पुन्हा मंदावली.
वळताना दोन हातांत तीन दोऱ्या: पाव टक्का.
पाण्यावरचा काळा पट्टा आधी कुणी बघायचा,
"आला, आला, धर" कुणी म्हणायचं,
त्याला तक्त्यात रकाना नव्हता.
आकडा निघाला एकशे तीन.
आकडा मोठा तेवढी सूट मोठी.

गोकाकचे बडिगेर बापलेक सगळ्यांत आधी आले.
एक्कावन्न मिनिटं, वीस सेकंद.
परशराम तेव्हा कुठं बुडीत देवळाच्या शिखराला
वळसा घालत होता.
शांत पाण्यावरून स्वच्छ ऐकू आलं,
"डोकं!"
रिकाम्या जाळीला म्हणाला तो.
मी खुर्चीत बसल्या बसल्या वाकले.

बावन्न चाळीस.
गुणिले शंभर, भागिले एकशे तीन:
एक्कावन्न मिनिटं आठ सेकंद.
बारा सेकंदांनी पहिला.

थोरले बडिगेर जवळ आले, कन्नडमध्ये हळूच म्हणाले,
अक्का, मंद वाऱ्यात एकटा म्हणजे हलका,
हलका म्हणजे फायदा. तुम्हाला ठाऊक आहे.
ठाऊक होतं.
आकडा सकाळीच लिहून द्यावा लागतो,
वारा काय सकाळी सांगून ठेवत नाही.
"नियम," मी म्हणाले,
आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.

परशराम होडी ओढत वर आला, मांडीपर्यंत ओला.
"किती धरलीस मला?"
"ब्याण्णव सेकंद."
दोऱ्या गुंडाळत राहिला. एक गुंता सुटेना,
तो मी सोडवायची.
"नऊ वर्षांचं एवढंच होय गे?"

रजिस्टरात एकशे तीन पेन्सिलीनं होतं.
पेननं गिरवलं नाही,
खोडलंही नाही.
दुपारच्या फेरीची शिट्टी तोंडात धरली,
तेव्हा धूर पूर्वेकडे
जरासा वाकला होता.