कोपऱ्यांचं वजन

दारूखान्यात, परकारच्या गॅरेजात
आधी जमीन शोधावी लागली.
समतल हवी, म्हणाला, नाहीतर काटा खोटं बोलेल.
इथली जमीन म्हणजे भराव,
कुणी टाकला, कशावर, विचारायचं नाही.
जहाजं तोडणाऱ्यांच्या शेजारी ती रोज थोडी खचते.
यल्लप्पा गवंडी आला, पारदर्शक नळीत पाणी भरून
चारी कोपऱ्यांत उकिडवा बसला.
मागची उजवी एक इंच दोन सूत खाली.
तिथे फरशीचे तुकडे घातले, एक पत्रा,
आणि शेवटी माझ्या पर्समधलं लाइटबिल,
चार घड्या घालून.

झेन, नव्व्याण्णवची. भिशीतून घेतली.
घरी सांगितलं, ऑफिसला बरी पडेल.

जुन्या स्प्रिंगा दाराशी पडल्यात,
माणसं आणि गव्हाची पोती वाहून बसक्या झालेल्या.
नव्या आखूड, ताठ, हळदीच्या रंगाच्या.
रबराचे बुशही गेले. त्यांच्यात दया फार, परकार म्हणतो,
वळणावर चाक मुरडतं
आणि तुम्हाला कळूच देत नाहीत.

"बसा आत."
मी?
"मग? गाडी रिकामी पळते काय?"

वीस वर्षं मी ट्रकांच्या वजनकाट्यावर आहे.
काचेमागे, पंख्याखाली, माइकवर
दिवसातून दीडशे वेळा एकच वाक्य :
ड्रायव्हर, खाली उतर.
माणूस मालात धरत नाहीत.
ते उतरतात, बाजूला उभे राहतात, तंबाखू मळतात,
आकडा स्थिर होईपर्यंत
आकड्यात नसतात.

मी बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मांडीवर हेल्मेट.
श्वास घेऊ की नको, कळेना.
परकारचा भाचा जुनैद वाकून वाचत गेला :
पुढचा डावा दोनशे त्रेचाळीस,
पुढचा उजवा दोनशे ऐंशी,
मागचा डावा एकशे अठ्ठावन्न,
मागचा उजवा एकशे सेहेचाळीस.
"तिरपी बसलीय," परकार म्हणाला. "लंगड्या खाटेगत."

पुढच्या डाव्याची चकती त्याने दीड आटा वर घेतली.
आणि मागचा उजवा भरला,
ज्याला कुणी हातही लावला नव्हता.
हे मी तीनदा बघितलं.
तीनदा उतरले, गाडी दाबून हलवली, पुन्हा बसले.
मध्ये घरून फोन आला, किती वेळ?
म्हटलं, वजन चाललंय.
खोटं नव्हतं.

रात्री साडेदहाला आडव्या बेरजा जुळल्या :
चारशे तेरा, चारशे चौदा.
एक किलो राहू द्या, परकार म्हणाला,
उद्या जेवाल ना.

घाटापलीकडच्या ट्रॅकवर अकरा फेऱ्या मारल्या.
दोन पोरं मला मागे टाकून गेली, एकाने हात केला.
पूर्वी ही वळणात कलायची,
वीट कलंडावी तशी, सगळी एकदम, मग विचार.
आता तिसऱ्या वळणाला, उजव्या,
ब्रेक सोडला तसं वजन
पुढच्या डाव्यात उतरत गेलं, पायरी पायरीने,
आणि ते मला बुडाखाली कळलं,
आकडा दिसायच्या आधी ट्रक कळतो तसं.
मागचं आतलं चाक जरासं उचललं.
उचललं, आणि मी आकड्यात होते.

अकराव्या फेरीत चुकले. गवतात गेले.
गाडीला काही नाही. मीच हसत सुटले.

परत येताना शिवडीचा गतिरोधक,
रात्री एकला, डांबराचा नुसता ढीग.
आता सरळ गेलं तर पोट घासतं.
म्हणून तिरपी घातली,
आधी पुढचा डावा, थांबून पुढचा उजवा,
मग मागचे.
लाकडाच्या वखारीचा वॉचमन खुर्चीवरून बघत होता.
म्हणाला, बाई, गाडीत काय काचसामान आहे?

सांगायला काच खाली केली,
आणि मागचं शेवटचं चाक
धप्पकन उतरलं.