डावीकडे पाणी

कोंबड्यांच्या कारखान्यातून सुटून
हर्टिना येते, बोटं अजून थंडगार.
विमा नाही. मी दंडाला पट्टा बांधते,
फुगवते. एकशे अठ्ठावन्न.

"मीठ कमी कर," म्हणते. ती हसते,
"चहूबाजूंनी समुद्र होता गं आमच्या,
मिठाला काय तोटा!"
मी वहीत काहीच लिहीत नाही.

मग विचारते, चालायचीस किती तिथे?
"बेट ते केवढं! या टोकाचं माणूस
भाताला उकळी येईस्तो त्या टोकाला."

आर्कान्सातलं हे पार्किंग, रात्रीचं, रिकामं.
दिव्याच्या खांबापासून ती निघते,
मी मागोमाग, धापा टाकत.

तिसऱ्या फेरीला
ती माझा हात धरते:
जपून हं,
डावीकडे पाणी आहे.