बरी

फॉर्मवर चौकोन तीन, पेन एकच,
तेही हिरेमठ क्लार्कनं दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं.
साठ किलो. मेन्स फिजिक. मास्टर्स, चाळीसच्या वर.
"वयस्सु एष्टु?"
मी कन्नडात मोजत गेलो, मूव्वत्तेंटुवर अडखळलो.
मराठीत मोजलं, तिथंच अडखळलो.

येळ्ळूरच्या शाळेत गणाचारी मास्तरांनी
आमच्या अख्ख्या बाकाला एकच जन्मतारीख वाटली, एक जून,
जसा खडूचा तुकडा वाटावा.
त्या कागदानं मी गेल्या जूनला चाळीस पूर्ण केली.
आई म्हणते, नव्हं रे, बासमती कापणीला आलेली,
त्या वासानं मळमळालतं मला, बांधावर बसले ते तूच झालास.
म्हणजे कार्तिक. आणि साल पुढचं, का त्याच्याही पुढचं,
ते तिलाही नक्की नाही.
भात चांगलं आलं होतं, एवढंच.

मास्टर्समध्ये तिघंच आहेत, सुहास हुंदरेनं आधीच मोजून ठेवलंय.
"घ्या की सर. नंबर धरूनच चाला."
याच्या हातात बार पहिल्यांदा मीच दिला,
तेव्हा त्याच्या मनगटावरून घड्याळ घसरायचं.
आता माझ्या मागं उभा, साठ किलोत नाव घालायला,
ओठ सुकलेले, कालपासून पाण्याचा घोट नाही,
आणि आदरानं बोलतोय.
ते आदरानं बोलणंच जास्त लागलं.

रेणुकाचं मत फिजिक.
"ती चड्डी गुडघ्यापत्तोर असती,
पोरीच्या शाळेत फोटो गेला तरी चालंल."
तिचं चुकीचं नाही.
पण मग मांड्या झाकायच्या.
उद्यमबागेत एकोणीस वर्षं साच्याच्या पेट्यांपुढं उकिडवं बसून,
काळी वाळू ठोकून, पेटी उचलून, परत बसून
झालेल्या या मांड्या.
त्यांची फी मी कुठल्या जिमला भरली नाही, उलट पगार घेतला.
डावीवर मसुराएवढा डाग आहे, लोखंड ओतताना उडालेला थेंब.
स्टेजचा रंग चढवला की कुणाला दिसत नाही.
मला पोझ घेताना नेमकं तिथं गार लागतं.

आणि खांदा. उजवा. दोन वर्षं झाली,
कानाच्या वर गेला की कुरकुरतो, तेल नसलेल्या क्रेनसारखा.
तो नक्की मास्टर्समधला, एक जूनचा.
मांड्या कार्तिकातल्या.
एका माणसाला दोन गट चालतात काय, असं मी विचारलं
तर हिरेमठ हसला,
मग माझ्याकडं बघून हसायचा थांबला.

"बरी," म्हणाला.
कन्नडात बरी म्हणजे लिही.
लहानपणापासून हा शब्द कानावर आला की मला आधी वाटतं
कुणीतरी तब्येत विचारून उत्तरही स्वतःच देतंय.

साठच्या चौकोनात खूण केली.
सुहास बघत होता. काही बोलला नाही,
सरसुद्धा म्हणाला नाही.

काटा म्हणाला साठ, तीनशे.
तीनशे ग्रॅम, म्हणजे पाव किलो कुंदा आणि वर चव बघायला दिलेला,
जो मी तीन महिने
दुकानाच्या पलीकडच्या फुटपाथवरनं जाऊन टाळलाय.
वजन बंद व्हायला पाऊण तास.
हॉलमागच्या पार्किंगमध्ये दोन स्वेटर चढवून
मी पळायला लागलो.

सातव्या फेरीला मागून बुटांचा आवाज.
त्याचंही दीडशे वर होतं.
"च्युइंगम धरा सर तोंडात," सुहास म्हणाला,
"आणि थुंकत ऱ्हावा. शंभर तसंच जातंय."
हे त्याला मीच शिकवलेलं.
दोघं थुंकत पळालो.